रोडगे आधी, निकाल नंतर

तीर्थरूप सौ. वच्छलामामीस,

प्रतीक्षाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या तो अर्धाच होतो, उरलेला दिवाळीत वरवटला येईन तेव्हा). मी इकडे पुण्यात बरी आहे. तुझी कंबर, वांग्यांवरची अळी आणि सूनबाई प्राचीची शाळा, सगळ्यांची खुशाली कळव. मामांची तब्येत मुद्दाम विचारत नाही, कारण हे सगळं पत्र त्यांच्याच हाताविषयी आहे. आणि तुझी सवय मला ठाऊक आहे, आलेलं पत्र तू ओसरीवर बसून मोठ्यानं वाचतेस. (तेव्हा मामा, तुम्ही जरा गोठ्याकडे चक्कर मारून या. हे तुम्हाला नाही.)

तर विषय रोडग्यांचा, म्हणजे माझ्या कामासाठी तू मारुतीला बोललेल्या नवसाच्या जेवणाचा. उन्हाळ्यात मी तुला फोनवर सांगितलं की ज्या एन्झाइमच्या मागे मी निम्मं आयुष्य घालवलं, त्यानं एकदाचं काम केलेलं दिसतंय. आता आमच्याकडे असा नियम आहे की एकदा दिसलेलं खरं धरायचं नाही. तेच पुन्हा, नव्या मालावर, पहिल्यापासून करून पाहायचं आणि तोवर तोंड मिटून बसायचं. तुमच्याकडचा नियम असा की नवस पुरा झाला तर फेडायला उशीर करायचा नाही, मारुती रागावतो. हे दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ते एकाच घरात नांदतील कसे? मी दुसऱ्या खेपेची भांडी धुवत होते, तेवढ्यात तू मारुतीच्या पारासमोर गोवऱ्या रचल्यास, त्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजलेस, वांग्याची भाजी केलीस आणि अख्ख्या वरवटला, एकाही घरी चूल पेटू नये असं, चूलबंद आवतन देऊन मोकळी झालीस. शेजारच्या किसनरावांनी वर फ्लेक्स लावला. 'कंपवातावर विजय' असं मोठ्या अक्षरात, आणि खाली माझा फोटो, तोही तुमच्या राजकुमारच्या लग्नातला, तोंडात जिलबी असलेला. असा विजय जगात कोणी पाहिला नसेल.

तुला आठवतं, मी काय काम करते हे तू मला पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी अर्धा तास बोलले होते आणि तू फक्त शेंगा फोडत होतीस? मी म्हणाले, पेशीत प्रोटीन तयार होतं, पण त्याला कोणीतरी एक बारीकशी खूण चिकटवावी लागते, तरच ते जागचं हलतं. ती खूण चिकटवण्याचं काम एन्झाइम करतं. काही प्रोटीनं खुणेविना तिथंच साचत जातात आणि डोक्यातल्या पेशी गुदमरतात, मग हात कापतो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे आवतन देणारा माणूस हाय थो. आवतन नाही त कोण उठते घरातून? बसते रुसून." मामी, तेव्हापासून मी परदेशी पाहुण्यांनाही तेच सांगते. त्यांना रोडगे कळत नाहीत, पण रुसवा लगेच कळतो.

तर आता खरं सांगते. दुसऱ्या खेपेला काहीच झालं नाही. तिसऱ्या खेपेलाही नाही. माझं एन्झाइम नव्यानं, अगदी स्वच्छ करून घेतलं आणि ते हाताची घडी घालून बसलं. मग शोधता शोधता लक्षात आलं की पहिल्या मालात दुसरंच एक कुठलंतरी एन्झाइम चुकून मागे राहिलं होतं आणि आवतन त्यानं दिलं होतं. माझा गडी नुसताच शेजारी उभा होता. फार वाईट वाटलं. दोन दिवस प्रयोगशाळेत गेले नाही, साबुदाणा भिजत घातला आणि तोही विसरले. पण नंतर वाटलं, आवतन तर गेलंच होतं. कोणीतरी दिलंच ना? तो कोण हे मला माहीत नाही इतकंच. म्हणजे पुन्हा घरोघर विचारत फिरायचं, आणि माझी नोकरीची वर्षं आता थोडीच उरली आहेत.

मला या कामाची घाई का झाली ते तुला माहीत आहे. वसतिगृहात असताना मामांची पत्रं यायची, कोऱ्या कागदावर, पेरलेल्या शेतातल्या तिफणीच्या तासांसारख्या सरळ ओळी. मैत्रिणी ती पत्रं हातोहात फिरवायच्या. मग काही वर्षांपूर्वी राजकुमार-प्राचीच्या लग्नाच्या पत्रिकेवर त्यांनी हातानं माझं नाव घातलं. पहिलं अक्षर ठसठशीत, आणि पुढे बारीक, अजून बारीक होत आडनाव मुंगीएवढं. डॉक्टरांच्या आधी कंपवाताचं ते लक्षण मी ओळखलं. पुस्तकात ते कितीदा वाचलं होतं, पण मामांच्या अक्षरात दिसेल असं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा एवढंच कर, किसनरावांना सांगून तो फ्लेक्स उतरव. आणि गावात सांग की औषध नाही, अजून नुसता शोध चालू आहे.

तुझी भाची,
प्रतीक्षा

ता. क. फ्लेक्स फाडू नका, मिरच्या वाळवायला होईल. जिलबीची बाजू खाली घाला.

दुसरा ता. क. आता नवा नवस करू नकोस. माझा त्यावर विश्वास नाही. केलाच, तर 'जो कोणी आवतन देत असेल तो सापडू दे' एवढंच माग, नाव घेऊ नकोस, आणि तोच निकाल पुन्हा आल्याचा माझा तिसरा फोन आल्याशिवाय गोवऱ्यांना हात लावू नकोस.

तिसरा ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. प्राचीचा फोन आला होता. म्हणाली, रोडगे खाल्ल्यापासून मामांनी गोळ्या बंद केल्यात. विचारलं तर म्हणाले, "काऊन खाऊ त्या जुन्या गोळ्या? आपली पोरगी नवं औषध आणून राह्यली." मामा, तुम्ही गोठ्याकडे गेला नाहीत हे मला माहीत आहे, तर ऐका. पोरगी आणून राह्यली, पण पोहोचली नाही. ती पोहोचेपर्यंत हात तुम्हीच सांभाळायचा आहे. आजपासून गोळी सुरू करा, आणि ती लागू पडली की स्वतःच्या हातानं मला चार ओळी लिहा. मामीनं लिहून द्यायचं नाही, मला कळतं. आठवड्यानं पुन्हा लिहा, मग पुन्हा, कारण एकाच निकालावर मी आता विसंबत नाही. अक्षर कितीही बारीक आलं तरी पाठवा. निम्मं आयुष्य मी डोळ्याला न दिसणारंच वाचत आले आहे.