चेस्टनटची दोन झाडं

आप्पा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मोजायचं मी केव्हाच सोडलं. आज दुपारी आई आत झोपली होती, मी पडवीत बसले होते, आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे असं वाटलं, म्हणून कागद घेतला.

तुम्ही पलटणीतून कायमचे घरी आलात ती नव्वदीची सुरुवात. ट्रंकेत आईला लोकरीची शाल होती, मला घड्याळ होतं, आणि ओल्या वाळूने भरलेला एक डबा. वाळूत तपकिरी, गुळगुळीत बिया. आईने एक बी दाताखाली धरून पाहिली. "आवं, ह्ये काय चिंचोकं आणल्यात व्हय इतक्या लांबनं?" "चेस्टनट हाय," तुम्ही म्हणालात. "डोंगरातली माणसं ह्याच्यावर हिवाळा काढत्यात. बघू की, हितं येतंय का." आपल्या आटपाडीकडच्या माळावर बाभूळसुद्धा हात राखून पानं काढते. तिथे तुम्ही बर्फाच्या मुलखातलं झाड लावायला निघाला होतात. गाव हसलं. तुम्ही खड्डे खणत राहिलात.

दोनच रोपं तगली. न्हाणीच्या मागे, दहा पावलांच्या अंतराने तुम्ही ती लावली. प्रत्येकाशेजारी बुडाला भोक पाडलेलं मडकं पुरलं, भोकात चिंधी घातली, म्हणजे पाणी थेंबथेंब मुळाशी जाईल. फलटणकडून येणाऱ्या ट्रकवाल्याकडून उसाचं पाचट मागून आणलं आणि बुंध्याशी पसरलं. मी बारावी होऊन घरीच होते. मडकी भरायचं काम माझ्याकडे. एकदा मी त्या पाण्याने केस धुतले. तुम्ही ओरडला नाहीत. "झाडाला तोंड न्हाई. तुला हाय, तू मागून घेशील," एवढं म्हणालात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

मग तो उन्हाळा आला. विहिरीचा तळ दिसला, टँकर चार-चार दिवसांनी येऊ लागला. चेस्टनटच्या पानांच्या कडा विडीच्या टोकासारख्या जळत आत सरकत होत्या. आई म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाई, आन् तुमी झाडं पाजताय." तुम्ही तुमच्या अंघोळीचं पाणी झाडांना दिलंत आणि ओल्या पंच्याने अंग पुसू लागलात. एका दुपारी झाडांवर कडब्याची सावली बांधायला गेलात. अर्ध्या तासाने मी पाहते तर तुम्ही पाचटावर कुशीवर पडलेले, अंग तव्यासारखं तापलेलं, सुतळी हातात तशीच. जीपमधून विट्याला दवाखान्यात नेलं. सकाळी त्याच जीपमधून परत आणलं.

तुम्हाला ओसरीवर ठेवलंय, बायका रडतायत, आणि वेशीवर टँकरचा हॉर्न वाजतो. मी उठते, घागर घेते, जाते. तुम्हाला शेवटची अंघोळ घालायलाही घरात पाणी नव्हतं. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. एक म्हातारी म्हणाली, "रड गं बाय, मोकळी हो." मी म्हटलं, "आदी घागर भरू द्या." तेव्हापासून ते रडणं राहूनच गेलं. नंतर कधी आठवणीने काढायला गेले तर आत काही हाताला लागत नाही.

तुमच्यामागे दोन्ही मडकी भरणं मला जमेना. पाणी एका झाडापुरतं होतं. न्हाणीच्या भिंतीकडचं उंच होतं, ते ठेवलं. दुसऱ्याचं मडकं भरायचं मी बंद केलं. आठ दिवसांत ते वाळलं. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, उन्हानं गेलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंघोळीचं पाणी भिंतीकडच्या झाडाला जाऊ लागलं.

ते झाड जगलं, आप्पा. पाच-सहा वर्षांनी त्याला पांढुरके, लांब तुरे आले. मग हिरवी काटेरी बोंडं धरली. आईने एक बोंड विळीवर चिरलं. आत बी नाही, नुसती सालपटं. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी तेव्हा सांगलीत शाळेवर लागले होते. तिथल्या शेतीच्या मास्तरांना विचारलं. ते सहज म्हणाले, "एकटं झाड हाय का? मग न्हाई धरायचं. ह्याला जोडीला दुसरं लागतं." मी बरं म्हटलं आणि तासाला गेले. फळा पुसला, तारीख लिहिली, शिकवलं.

झाड पुढे एका दुष्काळात वाळलं. आता त्या जागी आईने शेवगा लावलाय, तो भरपूर येतो. शेजारणी बसायला आल्या की अजून तिच्याकडून तुमच्या झाडाचा विषय निघतो. "लय जीव लावला गं त्येंनी," ती म्हणते, "पर झाडच वांझ निघालं." मी तिथेच शेंगा सोलत बसलेली असते. प्रत्येक वेळी ऐकते, आणि पुढची शेंग सोलायला घेते.