म्हाळसेची रिकामी जागा

१६ डिसेंबर १९५८, मंगळवार. चंपाषष्ठी

आज सकाळी मी ओलेत्यानं रोडगे भाजले, वांग्याचं भरीत केलं, भंडारा उधळला आणि एका मेलेल्या कोरकूला नैवेद्य दाखवला. तो कोरकू आहे हे दुपारी कळलं!

सांगितलं शकुनबाईनं. मी सांभाळतो त्या आदिवासी सेवा केंद्राची ती सुईण. अचलपूरची, पण वीस वर्षं या डोंगरात बाळंतपणं करून कोरकू भाषा तिच्या जिभेवर बसलेली. प्रसादाला पहिल्यांदाच माझ्या खोलीत आली, देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि रोडगा हातातच राहिला.

"नत्थुभाऊ, हे फळी तुमी कुठून आणली?"

"आषाढात. वरच्या वस्तीवरून येताना मोहाच्या झाडाखाली चिखलात पडली होती. देव असा लोळताना पाहवला नाही मले."

"कोणता देव?"

"घोड्यावर बसला हाय, वर चंद्र-सूर्य. खंडोबा नाही त कोण?"

"मन्नू!" — आणि पदर तोंडात कोंबून हसत सुटली.

कोरकूंमध्ये माणूस गेला की सागाच्या फळीवर घोडेस्वार कोरून ती झाडाखाली उभी करतात. मुंडा म्हणतात तिला. सुकराय म्हातारीचा नवरा मन्नू तीन वर्षांपूर्वी गेला, त्याचा हा मुंडा. पाच महिने मी त्याला रोज न्हाऊ घातलं. धाकटीच्या लग्नाचं साकडंही त्यालाच घातलं. कार्तिकात तिचं जमलं! आता श्रेय कोणाचं?

१७ डिसेंबर

सवयीनं आंघोळ घातली. मग आठवलं. घातलीच आहे तर गंधही लावलं. देव नसला तरी वडीलधारा आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार. बाजार

सुकराय आली. आषाढापासून दर गुरुवारी बाजाराला उतरते, आमच्या ओसरीवर माझ्या दाराकडे तोंड करून तासभर बसते, उठून जाते. काही मागत नाही. म्हणून मी तिला वृद्धांच्या रजिस्टरात घेतलं. घोंगडी दिली — ती तिच्या शेळीच्या अंगावर दिसली. दुधाची भुकटी दिली — तिनं भिंत सारवली. छान पांढरी निघाली. तरुणांसाठी सहा चरखे आहेत; तरुण बांबूतोडीवर, आणि चरख्यांच्या माळा उंदरांनी नेल्या. तेव्हा केंद्रात नेमानं येणारी एकटी सुकराय. अहवालात मी लिहिलं होतं, 'वृद्ध स्त्रियांना केंद्राची गोडी लागत आहे.' गोडी! बाई नवऱ्याला भेटायला येत होती.

शकुनबाईला मध्ये घालून आज पहिल्यांदा तिच्याशी बोललो. विचारलं काय, तर भलतंच. घोडेस्वाराच्या डावीकडे एक कोरी जागा आहे. मी समजत होतो, म्हाळसा कोरायची राहिली. तिथे रोज हळदकुंकू वाहायचो.

म्हातारी बराच वेळ बोलली. शकुनबाईनं सांगितलं, "ते जागा तिची हाय म्हणते. तिनंच कोरी ठेवाले लावली. मेल्यावर तिले नवऱ्याच्या बाजूले कोरतीन. दुसरी फळी तिले नको." मग माझ्याकडे बघून, "जित्त्या बाईले पाच महिने कुंकू वाहून राहिले तुमी!"

मी तिथेच फळी काढून हातात द्यायला हवी होती. दिली नाही. कारण मोरोपंत वकील — आमच्या संस्थेचे चिटणीस, अमरावतीचे. गेल्या महिन्यात भेटीला आले नि फळीपुढे उभेच राहिले. "वा नत्थुजी! खंडोबाचं अस्सल रानातलं रूप! नागपूरच्या प्रदर्शनात ठेवू. पुढे तिकडच्याच संग्रहात राहील." पंचवीस तारखेला जीप आणतो म्हणाले. मी 'हो जी' म्हणालो. 'हो जी' हा माझा जुना आजार आहे. सातवी पास झालो तेव्हापासूनचा.

फळी परत द्यायची तर वकिलांपुढे चोर ठरतो, नोकरीवर येतं. न द्यावी तर म्हातारीची जागा नागपूरला.

"पुढच्या गुरुवारी पाहू," म्हणालो. म्हातारीनं मान हलवली नि गेली.

२० डिसेंबर

मोरोपंतांना पत्र लिहायला बसलो. 'सप्रेम नमस्कार' इथवर खरं लिहून झालं.

२२ डिसेंबर

सकाळी हात जोडले — देवा, मार्ग दाखव. कोणत्या देवाला म्हणालो तेच कळेना. समोर मन्नू. त्याच्या तोंडावरून वाटलं, त्याला घरी जायचं आहे. लाकडाच्या तोंडावर काय दिसणार म्हणा. पण खंडोबा होता तेव्हा त्याच तोंडावर मला प्रसन्नता दिसायचीच की!

२५ डिसेंबर, गुरुवार

जीप आली. मोरोपंत स्वतः. सुकराय ओसरीवर होतीच.

"नत्थुजी, गोणपाटात नीट बांधा. कोपरे सांभाळा."

"नाही जी."

कोण बोललं म्हणून मीच मागे पाहिलं.

"म्हणजे?"

"हा खंडोबा नाही. या बाईचा नवरा आहे. मी न विचारता उचलून आणला."

"अहो, मग तर प्रदर्शनाच्या दृष्टीनं अधिकच मोलाचा!"

"साहेब, तुमच्या घरातली वडिलांची तसबीर मी न विचारता नेली, तर?"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मला हे कमिटीपुढे ठेवावं लागेल."

"ठेवा जी."

जीप रिकामी गेली. जाताना भरीताची वांगी मात्र नेली.

मग फळी डोक्यावर घेतली. सागवानच ते, मान मोडायला आली. पुढे सुकराय, मागे मी, त्यामागे शकुनबाई. भर बाजारातून. कोणी तरी ओरडलं, "नत्थुजी, देव विकाले काढला का?" म्हटलं, "सोयरा हाय, घरी पोचवून राहिलो!"

मोहाखाली फळी उभी केली, बुडाशी दगड ठोकले. कोऱ्या जागेवरची हळद पुसायला गेलो तर म्हातारीनं हात धरला. पुसू दिली नाही.

शकुनबाईला म्हटलं, "तिले विचारा, मी नेली हे तिले कधी कळलं?"

"त्याच दिवशी म्हणते. नेताना पाह्यलं तिनं तुमाले."

"मंग मागितली काहून नाही?"

शकुनबाई या वेळी हसली नाही. "इथं पाणी साचत होतं म्हणते. पोरगा बांबूवर, उचलाले कोणी नाही. तुमी त्याले छपराखाली नेलं, रोज न्हाऊ घातलं, जेवू घातलं. म्हणते, म्या म्हटलं पावसाळाभर राहू दे."

"आन् पावसाळा सरल्यावर?"

"तोवर तुमाले त्याचा लळा लागला होता. मागाची लाज वाटली म्हणते."

२६ डिसेंबर

आज सकाळी रजिस्टर भरलं. वृद्ध : एक. नाव : मन्नू. पाच महिने निवास, रोज स्नान, दोन वेळा भोजन. काल स्वगृही पोहोचवला.