रखमाजीकडून विकत घेतलेली पार्टी

जुना जालना,
सोमवार, ता. १० मार्च १९९७

श्रीमान तातेराव दाजींच्या पायांवर मच्छिंद्रचं डोकं. (खरोखर ठेवलं आहे असं समजा, पत्र वाचून झाल्यावर ते तुम्हाला तिथंच सापडलेलं बरं.)

अक्काची कंबर कशी आहे? तुमच्या शिवाजीला नव्या नोकरीत करमतं का? आणि तुमची साखर? गोळ्या संपल्या असतील म्हणून या पाकिटासोबत पाठवल्या आहेत. अक्काला तुम्ही साखरेचं अजून काही सांगितलेलं नसणार, म्हणून पत्र घरी न पाठवता अजमतच्या हाती तुमच्या शाळेत पाठवतो आहे. अजमत म्हणजे माझा दोस्त, तुमच्या कुंभार पिंपळगावच्या बाजारात कापडाचं दुकान लावतो तो. (त्याला चहा पाजा. माझ्यापायी त्याच्यावर काय वेळ आली ते पुढं येईलच.)

तुमचं न ऐकता मी किराणा दुकान मोडून विम्याची एजन्सी घेतली, हे तुम्ही विसरला नसाल. दर दिवाळीला आठवण करून देताच. या एजन्सीत वर्षाला बारा पॉलिसी झाल्या नाहीत तर एजन्सी काढून घेतात. मार्च उजाडला आणि माझ्या झाल्या नऊ, त्याही मी, बायको, सासरे, घरमालक आणि घरमालकाचा आजारी नसलेला भाऊ धरून. साहेब म्हणाले, अजून तीन आणा, नाहीतर आपला रामराम. दाजी, मी खरंच घाबरलो. दुकानात परत जावं तर तिथं आता एस.टी.डी. फोनचा डबा बसला आहे, आणि या वयात दुसऱ्याच्या काट्यावर साखर तोलायला उभं राहायचं म्हणजे पोरांना तोंड कसं दाखवू?

अशा वेळी मला रखमाजी भेटला. कापडगल्लीच्या तोंडाशी चहाच्या हॉटेलात बसतो, मूळ धंदा सोयरिकी जुळवण्याचा. जिल्ह्यात कुणाकडं लग्नाचं पोरगं, कुणाकडं पोरगी, कुणाची बाग, कुणाची नोकरी, सगळं त्याला तोंडपाठ. अलीकडं लग्नं कमी आणि एजंट जास्त झाल्यामुळं तो आम्हाला पार्ट्या विकतो. (पार्टी म्हणजे पॉलिसी घेईल असा माणूस. घेत नाही तो नुसता माणूस.) लिहून काही देत नाही, कानात सांगतो. साधं नाव दहा रुपये, पगारदार पंचवीस, मोसंबीची बाग असली तर पन्नास. मी भाव करायला गेलो तर म्हणाला, "भाजी हाय का ही? बिलकुल ताजी नावं हायत." मी एक साधं, एक पगारदार आणि एक बागेचं घेतलं.

साधं नाव इथंच जुन्या जालन्यात होतं. दारात जाऊन विम्याचा माणूस आहे म्हटलं, तर आतून सोनूबाई नावाच्या बाई लगबगीनं आल्या, खुर्ची पुसली, शेजारणींना हाका मारल्या आणि डोळ्यांना पदर लावून विचारलं, "किती भेटतील?" ज्याचं नाव मी विकत घेतलं होतं ते त्यांचे मालक, आणि ते वारून वर्ष झालं होतं. पॉलिसी त्यांनी कधी काढलीच नव्हती. दाजी, भरल्या गल्लीत त्या बाईला मला तसं सांगावं लागलं. तरी त्यांनी मला चहा पाजला. तरातरा रखमाजीकडं गेलो. तो शांतपणे म्हणाला, "नाव बराबर निघालं का न्हाई? माणूस जिता हाय असं म्या कवा म्हन्लो?"

पगारदार नाव होतं रामकिसन, सरकारी कारकून. त्याच्या ओट्यावर आधीच चार एजंट बसले होते, चौघांनी हेच नाव रखमाजीकडून घेतलेलं. रामकिसनला त्याची सवय झाली होती. त्याच्या बायकोनं एकाला दळणाला पाठवलं, दुसऱ्याला रॉकेलच्या रांगेत, मला हापशावर. संध्याकाळी पाणी भरून झाल्यावर कळलं की त्यानं साडूकडून मागच्याच महिन्यात पॉलिसी घेतली आहे.

राहिलं पन्नासचं नाव. वडीगोद्रीचे रामराव, मोसंबीची बाग, घरात माणसं भरपूर. रखमाजीनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी सोता निरोप धाडलाय. वाट पाहून राह्यले तुमची." काल रविवारी अजमतच्या एम-एटीवर मागं बसून निघालो. नवा सदरा घातला होता. तिथंच घात झाला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. साहेबांची शिकवण अशी की पार्टीच्या घरी पहिला अर्धा तास विम्याचं नाव काढायचं नाही. घरच्यासारखं बसायचं, वयं विचारायची, कोण काय करतं, घरात कुणाला काय आजार, आजा कशानं गेला, उत्पन्न किती, हे गोडीनं काढून घ्यायचं. रामरावांकडं आमचं स्वागत झालं ते पाहून मी चाट पडलो. पाय धुवायला गरम पाणी, नवी सतरंजी, भिंतीला टेकून भावकीतली आठ-दहा माणसं. मला वाटलं, सगळं गावच विमा काढतंय. रामरावांची मुलगी बेबीनंदा पोह्याच्या बशा घेऊन आली आणि डोक्यावर पदर घेऊन समोर पाटावर बसली. मी लागलीच तिची जन्मतारीख विचारली. उंची, वजन, शिक्षण (डी.एड.), लहानपणी मोठं दुखणं झालं होतं का, सगळं विचारलं, आणि ती खाली मान घालून बराबर उत्तरं देत गेली. मग रामरावांना उभं केलं आणि अजमतकडून टेप घेऊन त्यांचं पोट मोजलं, कारण आमच्या फॉर्मात ते लिहावं लागतं. अजमत कापडवाला. भावकीला वाटलं सफारीचा आहेर शिवायचा आहे. तिघंजण आपापली पोटं घेऊन मागं रांगेत उभे राहिले.

तुमच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या आलं नाही. रखमाजीचा निरोप त्यांनी सोयरिकीचा धरला होता, आणि सोयरिकीतसुद्धा पहिला अर्धा तास कुणी लग्नाचं नाव काढत नाही.

मग रामरावांनी घसा साफ केला. "आता मोकळं बोला. तुमची अपेक्षा काय?" मला वाटलं पार्टी पिकली. मी ऐटीत सांगितलं, सुरुवातीला थोडं, मग दर वर्षी तेवढंच, वीस वर्षं. एखादं वर्ष चुकलं तर वर व्याज. त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "आन मदी माझं बरंवाईट झालं तर?" मी म्हणालो, तर मग तुमचा फायदाच आहे.

भावकीतला एक दांडगा गडी उठला, दाराची कडी लावून दाराला पाठ टेकून उभा राहिला. "वीस वर्सं हुंडा घेता व्हय रे? आन मान्सं मेल्याची वाट पाहता?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पाहायला आलोच नव्हतो म्हणावं, तर पोरगी चारचौघांत कुण्याही एजंटापुढं बसवली ही त्यांची बेअब्रू. आलो होतो म्हणावं, तर हा वीस वर्षांचा हुंडा. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पोरगा कोन हाय ते तरी सांग!" सगळ्या नजरा अजमतकडं वळल्या. तो हात जोडून म्हणाला, "भाऊ, मेरेकू मत देखो. मेरे तीन बच्चे हैं."

दाजी, मी पाटावरच्या त्या पोरीकडं पाहिलं. तिनं मान वर केली नव्हती, नुसता पदर पुढं ओढला. तिला अशी हसं करून उठवून जाणं माझ्यानं होईना, आणि दारातला गडी मला जाऊही देईना. तोंडाला येईल ते बोलत गेलो. म्हटलं, मी विम्याचं काम करतो, सवयीनं विम्याचंच तोंडात आलं, हुंडा आमच्यात एक पैसा घेत नाहीत, आणि पोराचं नाव असं असं. हळूहळू माणसं हसायला लागली. कडी निघाली. परत येताना अजमत शहागडच्या वाटेला लागला होता, जालना उलट्या दिशेला राहिलं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

असो. आम्ही सुखरूप आहोत. बाकी विशेष काही नाही. अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा मेव्हणा
मच्छिंद्र

ता. क. पोराचं नाव मी शिवाजी सांगितलं. आपला शिवाजी. दुसरं नाव आठवेना.

ता. क. येत्या रविवारी रामराव पाच-सहा माणसं घेऊन तुमचं घर पाहायला येणार आहेत. ओसरी सारवून घ्या, शिवाजीला दाढी करायला सांगा. एक पैसा न घेण्याचं मी तुमच्या वतीनं कबूल केलं आहे, तेवढं सांभाळा. अक्का आजवर प्रत्येक पोरीत खोट काढत आली. तिला म्हणावं, हिच्या तीन पिढ्यांची तपासणी मी जातीनं केली आहे, आजा झाडावरून पडून गेला तेव्हा नव्वदीचा होता. जमलं तर रामराव आणि त्यांचे दोन भाऊ पॉलिसी घेणार, म्हणजे माझ्या बारा भरतात. माझी एजन्सी तुमच्या पोह्यांवर आहे.

ता. क. (शेवटचा. हा घरी नेऊ नका.) निघताना मी रांजणापाशी हात धूत होतो, तर बेबीनंदा मागं येऊन हळूच म्हणाली, "मामा, पोरगा खरंच हाय का आत्ताच काढला?" मी अक्काची शपथ घेतली. मग ती म्हणाली, "तुमी आमच्या आज्यापासनं समद्यांचे आजार इचारले. आता तुमच्याकडचे सांगा." दाजी, लोकांना आजार लपवू नका म्हणून रोज सांगणारा मी, त्या पोरीपुढं खोटं बोलवेना. तुमची साखर सांगून टाकली. तर ती म्हणाली, "मंग त्यांचा चहा मी येगळा टाकत जाईन." मला तिथंच रडू आलं. पण दारापाशी उभ्या असलेल्या रामरावांनी ते ऐकलं, आणि तासाभरात सगळ्या भावकीला कळलं असणार. रविवारी ओसरीवर बसल्याबरोबर ते तुम्हाला पहिलं तेच विचारतील, आणि पोहे घेऊन बाहेर अक्का येत असेल. तेव्हा शनिवारपर्यंत तिला तुम्हीच सांगा. वडीगोद्रीला सगळ्यांना माहीत आहे, आता फक्त तुमच्या घरात कळायचं राहिलं आहे.