काटे मागं न फिरवता

बाबा, जगाच्या घड्याळात अधूनमधून एक जादा सेकंद घालतात, तो पुढं बंद करायचं ठरलंय. आज ऑफिसात हे बोलणं निघालं आणि मला हिंगोलीच्या स्टँडवरची तुमची कंट्रोलरची केबिन दिसायला लागली. शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन तिथं यायचे. एका दुपारी भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ पुढं गेलेलं असतं. एक कंडक्टर म्हणतो, "साहेब, काटे मागं घ्या न. काय तकलीफ हाय त्यात?" तुम्ही लंबकाखालचा स्क्रू चाचपत म्हणता, "सेनगावची गाडी आत्ताच सोडली. काटे मागं घेतले तर ती अजून सुटायचीच हाय असं दिसंल. आता येणारा माणूस उगाच वाट पाहत बसंल." मग मला स्टुलावर उभं करता. "तू फिरव. हळू." लंबक जरासा खाली येतो, घड्याळ संथ होतं आणि कुणाला न कळता दुसऱ्या दिवसापर्यंत बराबर येतं.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरांचं काम पाहत होते. पृथ्वी आपल्या लहरीनं फिरते, अणुघड्याळं मात्र एकसारखी चालतात. दोघांचा मेळ राहावा म्हणून तो जादा सेकंद. आपल्याकडे तो नव्या वर्षाच्या पहाटे साडेपाचला येणार होता. पुष्कळ मशिनी अशा वेळी होऊन गेलेला सेकंद पुन्हा मोजतात, मग नंतरची नोंद आधीची दिसू शकते. अतिदक्षता विभागात औषध आधी दिलं की नाडी आधी पडली, हे उलटं दिसून कसं चालेल? एक उपाय होता: प्रत्येक सेकंद किंचित लांबवून तो जादा सेकंद दिवसभरात जिरवायचा. पण दिवसभर घड्याळ मुद्दाम किंचित चुकीचं चालवायला बैठकीत कुणाचं मन होईना. मला विचारलं तेव्हा मी सेनगावची गाडी सांगितली. हसतील असं वाटलं होतं. पण आमचे साहेब म्हणाले, "करू या."

त्या पहाटे साडेपाच वाजले आणि काहीच झालं नाही. वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात औषधं ज्या क्रमानं दिली, त्याच क्रमानं नोंदली गेली. घरी जाताना रिक्षात मला रडू आलं. यंत्राला हात लावू नको, असं तुम्ही मला कधीच म्हणाला नाहीत. आमच्या गल्लीत तसं न ऐकलेली पोरगी मी एकटीच असेन.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. लेकीची शाळेची गाडी चुकू नये म्हणून घरातलं घड्याळ मी मुद्दाम पुढं ठेवते. तिला ते कळलंय. रोज तेवढंच जास्त झोपते.