झूम दोनशे टक्के

३ मार्च, मंगळवार. सकाळी १०.१०

पाय प्लास्टरमध्ये. घोट्याचं हाड. तीन आठवडे घराबाहेर पडायचं नाही म्हणे. डॉक्टरला काय जातंय म्हणायला! एकतीस तारखेला साहेब रिटायर होतायत. डिस्पॅच विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. उमेदवार दोनच. एक मी, दुसरा माझ्या शेजारच्या टेबलावरचा. त्याला मी मनातल्या मनात 'लोणी' म्हणतो. सगळ्यांना लावत फिरतो म्हणून. एकवीस वर्षं त्या खुर्चीकडे बघत काढली आणि ऐन वेळी जिन्यात घसरलो.

पण आज क्रांती झाली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्याने अर्धा तास फोनवर डोकं खाऊन माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. ऑफिसातला माझा अख्खा डेस्कटॉप आता तळहातावर! एक्सेल, वर्ड, मेल, सगळं. इथे बोट फिरवलं की तिथे बाण फिरतो. तो पुढे स्क्रीनच्या सेटिंगबद्दल आणखी काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, पुढचं मला कळतं.

संकल्प: रोज आठ तास काम. मी ऑफिसात नाही हे कोणाला जाणवूही द्यायचं नाही.

दुपारी ३.४०

रोजनिशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच लिहायची ठरवली. घरी वही ठेवली तर बायको वाचणार. मोबाइलचा पिन तर तिला माझ्याआधी आठवतो. ऑफिसचा कॉम्प्युटर म्हणजे किल्ला. पासवर्ड आहे. शिवाय 'जुनी परिपत्रकं' नावाचा फोल्डर. तो उघडायची इच्छा जगात कोणाला होणं शक्य नाही.

फोनवर अक्षर मुंगीएवढं दिसत होतं. झूम दोनशे टक्के केलं. आता छान.

४ मार्च, बुधवार

माझा सत्तावीस इंची मॉनिटर बिचारा काळा पडून असेल. भांडून मिळवलाय. त्याचं तोंड मुद्दाम चहाच्या कोपऱ्याकडे करून ठेवलंय, मी कायम कामात असतो हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. साहेबसुद्धा चहाला तिथेच उभे राहतात. असली दूरदृष्टी लोण्याकडे नाही.

काम: दीड तास. उशी सारखी घसरते. हिला तीनदा हाक मारली, तिसऱ्यांदा आली. हात ओले. म्हणे दोन हाकांना कणकेचे हात धूत होते.

५ मार्च, गुरुवार

गाड्यांची यादी उघडली. बोट जरा जाड पडलं आणि अकराच्या अकरा गाड्या एकाच तारखेला गेल्या. घाम फुटला. मागे घ्यायला गेलो तर यादीतली नावंच उडाली. डोळे मिटून पडून राहिलो. संध्याकाळी उशिरा बघतो तर सगळं जागच्या जागी! हे ॲप चुका आपोआप दुरुस्त करतं. कॉम्प्युटरवाला हे बोललाच नाही. ज्ञान दडवून ठेवायची खोड.

६ मार्च, शुक्रवार

लोण्याबद्दल दोन शब्द लिहून ठेवतो, मन हलकं होईल. दुपारी जेवण झालं की हा माणूस टेबलाखाली बूट काढतो. एकवीस वर्षं मी तो मोज्यांचा वास सहन केला. प्रमुख झालो की पहिलं परिपत्रक बुटांचं.

आणि साहेब. बत्तीस वर्षांत एक निर्णय स्वतःहून घेतला, केबिनला पडदा लावायचा. तोही उलटा लागला, फुलं बाहेरच्या बाजूला. निरोप समारंभात मात्र माझंच भाषण आहे. 'दूरदृष्टीचे महामेरू' असं लिहून ठेवलंय.

९ मार्च, सोमवार

लोण्याचा फोन. पायाची चौकशी केली. आवाज कोरडा. ठेवता ठेवता म्हणाला, मी मोजे रोज धुतो. मी काही विचारलं नव्हतं! अपराधी मन माणसाला बोलायला लावतं.

१० मार्च, मंगळवार

साहेबांचा फोन, गाड्यांबद्दल. मध्येच म्हणाले, पडदा काढून टाकलाय. का म्हणून सांगितलं नाही. योगायोग?

काम: चाळीस मिनिटं. बॅटरी संपली. चार्जर पलंगापासून दोन हात लांब.

११ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५

ऑफिसात चहा देणाऱ्या काकांचा फोन. मला भरून आलं. साऱ्या ऑफिसात हा एकच माणूस आपला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "साहेब, तुम्ही लिहिता फार छान. पण जरा बेतानं लिहा."

माझे मेल लांबलचक असतात हे खरं आहे. चहा देणाऱ्यालासुद्धा माझी भाषा कळते, हा लेखकाचा मोठाच सन्मान.

१२ मार्च, गुरुवार

नाही. काहीतरी शिजतंय. मोजे, पडदा, बेतानं लिहा. या गोष्टी मी कोणाला सांगितल्या? कोणालाच नाही. फक्त इथे लिहिल्या. म्हणजे कोणीतरी वाचतंय. ऑफिसात पासवर्ड आहे. मग उरलं कोण? मी दुपारी डुलकी काढतो तेव्हा फोन कुठे असतो? उशाशी. उशाशी कोण येतं? पायाखालची उशी सरळ करायच्या निमित्ताने कोण येतं?

आणि भाजीबाजारात लोण्याच्या बायकोशी अर्धा अर्धा तास गप्पा कोण मारतं?

प्लास्टरच्या आत खाजतंय आणि तिथवर काही पोचत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

रात्रभर विचार केला. सापळा लावायचा. इथे एक धादांत खोटी गोष्ट लिहायची आणि ती कुठून बाहेर पडते ते बघायचं. खाली लिहितोय ते खोटं आहे. वरच्या तीन ओळी लिहून झाल्यावर पुसून टाकतो, नाहीतर सापळा कसला!

दुपारी १२

पुसायला गेलो तर पुसलंच जात नाही. बोट भलतीकडेच पडतं. जाऊ दे. पान सरकवून अगदी खाली आलोय, वरचं दिसतही नाही. सापळा सुरू:

मला विभागप्रमुख व्हायचं नाही. मनापासून सांगतो. ही असली खुर्ची फुकट दिली तरी मी घेणार नाही. मला दुसरीकडून पत्र आलंय. महिन्याभरात इथून जातोय. हे कोणालाही माहीत नाही.

वा! डोळ्यांत पाणी यावं इतकं खरं वाटतंय.

१६ मार्च, सोमवार. सकाळी ११.२०

साहेबांचा फोन. फार हळुवार बोलले. तुमच्या भावना कळल्या, म्हणाले. आग्रह करणार नाही. शुक्रवारीच वर नाव कळवलं, तुमच्या शेजाऱ्याचं. नव्या ठिकाणी शुभेच्छाही दिल्या.

मी म्हटलं, साहेब, कोणी सांगितलं तुम्हाला? ते म्हणाले, असं विचारू नये.

खुर्ची गेली. केसानं गळा कापला माझा. माझ्याच घरात.

१७ मार्च, मंगळवार

बोललो हिला. सगळं बोललो. फितूर म्हणालो. लोण्याच्या बायकोसाठी नवऱ्याला विकलंस म्हणालो. एकवीस वर्षं मी खुर्चीसाठी झिजलो आणि तू दुपारच्या गप्पांसाठी ती घालवलीस. तुझ्यावर विश्वास ठेवला हीच माझ्या आयुष्यातली चूक. हे सगळं तोंडावर बोललो आणि इथेही लिहून ठेवतोय. वाच. तू वाचणारच आहेस. मुद्दाम ठळक अक्षरात केलंय.

तिने भांडण नाही केलं. एवढंच म्हणाली, "तुमची रोजनिशी वाचायला मला सवड असती, तर आधी दोन घटका बसले नसते का?"

मग माझ्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, अंघोळीची वेळ झाली होती म्हणून. एक शब्द बोलली नाही. गुन्हेगारांना शब्द सापडत नाहीत.

१९ मार्च, गुरुवार

घरात शांतता. उशी हाक न मारता सरळ होते. जेवण वेळेवर. बोलणं नाही.

काम: शून्य. आता कोणासाठी करायचं?

२० मार्च, शुक्रवार

काकांचा फोन. दोन दिवस तुमचं फारसं काही आलं नाही म्हणाले. चारच्या चहाला मंडळी थांबून राहतात. मला अर्थ लागला नाही. फोन ठेवताना त्यांनी मला 'साहेब, वहिनींची माफी मागा' असं का म्हटलं असेल? आमचं भांडण यांना कसं कळलं? म्हणजे ही काकांशीही बोलते!

२४ मार्च, मंगळवार. दुपारी ४

ही नोंद कागदावर. प्लास्टर काढल्याच्या पावतीमागे.

सकाळी प्लास्टर निघालं. काठी घेऊन थेट ऑफिसात गेलो. कोणालाही न कळवता. एकेकाच्या डोळ्यांत बघायचं होतं.

माझं टेबल जागेवर होतं. माझ्या मॉनिटरसमोर सात खुर्च्या होत्या, अर्धगोल मांडलेल्या. मधल्या खुर्चीला गादी. ती साहेबांची. मॉनिटर चालू होता. माझी रोजनिशी उघडी होती. एकेक अक्षर अंगठ्याएवढं. 'विश्वास ठेवला हीच माझ्या आयुष्यातली चूक' हे मला दारातून वाचता आलं, चष्म्याशिवाय.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे उभे राहिले.

कॉम्प्युटरवाला जमिनीकडे बघत म्हणाला की इथली स्क्रीन काळी करायचं एक बटण असतं. तेच तो पहिल्या दिवशी सांगत होता. मी म्हटलं होतं, पुढचं मला कळतं. मी घरी एकेक अक्षर टाइप करत होतो आणि ऑफिसात ते एकेक करून उमटत होतं. सापळ्याच्या दिवशी साहेब जेवायच्या सुट्टीत आले होते. तोवर वरच्या ओळी सरकून गेल्या होत्या. त्यांनी फक्त खालचं वाचलं, आणि शब्दशः खरं धरलं.

मी लोण्याला शोधलं. तो केबिनमध्ये होता, माझी गाड्यांची यादी तपासत. माझी यादी ॲप दुरुस्त करत नव्हतं. रोज संध्याकाळी तो मागे थांबून करत होता. पायात बूट होते. नाड्या घट्ट बांधलेल्या. म्हणाला, बसा. मी बसलो नाही.

घरी आलो. हिला सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं. नीट सांगितलं नसेल, पण सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगळ्या ऑफिसनं वाचली. राहिले ती मीच."

तिने हात पुढे केला. मी फोन दिला. पिन विचारावा लागला नाही.

खिडकीपाशी स्टूल घेऊन बसली आहे. तासभर झाला. साहेबांच्या पडद्याच्या नोंदीपाशी तिला एकदा हसू आल्यासारखं वाटलं. बोट हळूहळू वर सरकवते. अक्षरं मोठी आहेत, मला पलंगावरून दिसतात.

आता ठळक अक्षरं आली आहेत. बोट थांबलं आहे.