अठ्ठावीसचे चौदा

अण्णा, उद्यापासून माझा नवा वर्ग सुरू होतोय. प्रकल्पावर नव्याने घेतलेल्या मुलांना कामाचे टप्पे कसे पाडायचे, कोणतं काम कशावाचून अडतं, हे शिकवायचं. तुम्ही आम्हाला शिकवलंत तेच मी शिकवतो. त्यात एक खोट आहे, आणि ती इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेली नाही.

सन साठ नुकतंच उलटलं होतं. पुणं सोडून मी बंगळूरच्या कारखान्यात लागलो होतो आणि पत्रे दाबायची नवी मोठी प्रेस बसवायच्या कामात पाया माझ्याकडे होता. तुम्ही तिथल्याच जुन्या मराठी घरातले, सगळा कारखाना तुम्हाला अण्णा म्हणायचा. वर्गात पुस्तकातली उदाहरणं तुम्ही घेतली नाहीत, आमचीच प्रेस फळ्यावर मांडलीत. प्रत्येकाने आपल्या कामाचे दिवस चिठ्ठीवर लिहायचे. "जो काम करणार त्याचाच आकडा. शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, सरी? कळलं ना?" पण त्या दिवशी आमचे साहेब माझ्या शेजारीच येऊन बसले होते. मंत्री यायच्या आत प्रेस चालू दिसली पाहिजे, असं ते आल्या आल्या सांगून चुकले होते. काँक्रीटला पाणी मारून अठ्ठावीस दिवस थांबायला हवं, हे मला पाठ होतं. मी अठ्ठावीस लिहिले. साहेबांनी नुसता घसा खाकरला, आणि मी ते खोडून चौदा केले. माझ्यासारखा भित्रा माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

चिठ्ठी तुम्ही खिडकीशी नेऊन उजेडात धरलीत. मनाने मी अजून तिथेच बसलेला आहे. "हा तुझाच आकडा काय रे? स्वल्प विचार कर." मी म्हणालो, हो, माझाच. तुम्ही फळ्यावर चौदा लिहिलेत. नियम तुमचाच होता, तो तुम्हाला मोडवला नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. प्रेस वेळेवर यशवंतपूरच्या मालधक्क्यावर येऊन पडली, क्रेन आली, जोडारी आले, आणि पाया अजून कच्चा. तो भार त्याच्यावर ठेवू नका, एवढं सांगायची अक्कल मला उरली होती. मंत्री येऊन रिकामा चौथरा बघून गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून साहेबांनी विचारलं, चौदा दिवस कुणी दिले? विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी बुटांकडे बघत होतो. तुम्ही म्हणालात, चिठ्ठ्या मी तपासल्या, चूक माझी. त्याच आठवड्यात वर्ग बंद झाला आणि तुम्हाला परत स्टोअरमध्ये बसवलं. तो वर्ग उभा करायला तुम्ही दोन वर्षं वरच्यांच्या दारात चकरा मारल्या होत्या.

त्या रविवारी तुम्ही मला राजाजीनगरच्या घरी जेवायला बोलावलंत. मला वाटलं, आता झाडणार. तुमच्या मंडळींनी, अक्कांनी, चित्रान्न वाढलं आणि वर आग्रह केला. तुम्ही सावकाश जेवत होतात. ताकाची वाटी खाली ठेवून तुम्ही एवढंच विचारलंत की पाण्याचं काय चाललंय. मारतोय, मी म्हणालो. "अठ्ठावीस भरले की मला सांग," तुम्ही म्हणालात. हा आकडा तुमच्यासमोर मी कधीच उच्चारला नव्हता. बोलायची तीच वेळ होती. मी हात धुतले, अक्कांना नमस्कार केला आणि निघालो. अठ्ठावीस भरले तेव्हाही सांगायला आलो नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बदलीच्या गावी होतो, तेही बरंच वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तसा पत्ताही उरला नाही. पहिल्या दिवशी ही हकिकत मी दर वर्गाला सांगतो. तुमचा मोठेपणा सांगताना माझा आवाज भरून येतो. मग कुणीतरी विचारतंच, तो चिठ्ठीवाला कोण होता? दुसऱ्या खात्यातला होता, मी सांगतो. उद्याही बहुतेक तेच सांगेन.