का शिकायचंय, सातशे शब्दांत

४ ऑक्टोबर

ती. बाबांना आयलाचा सा. न.

फोन केला की तुम्ही ‘बरं, बरं’ एवढंच म्हणता आणि तिकडून इंजिनच जास्त बोलतं, म्हणून पत्रच लिहिते. जहाज डेट्रॉइटवरून जाताना टपालाच्या होडीने गाठलं, तर रविवारपर्यंत हे तुम्ही दोराने खाली सोडलेल्या बादलीत पडेल.

इकडे पहिलं दव गोठलं. परसातल्या वाफेच्या न्हाणीची, आपल्या सौनाची चिमणी साफ करून घेतली. जानेवारीत तुम्ही कायमचे घरी येणार, जहाजावर अडतीस वर्षं काढून. घराने तुम्हाला ओळखायला तर हवं.

आता खरी गोष्ट. दवाखान्याच्या भांडारातल्या आमच्या पेल्टियरबाई माझ्या मागे लागल्यात. म्हणतात, सगळ्या खोक्यांची नोंद तू कुणी न सांगता संगणकाच्या एका पडद्यावर आणलीस, आता ते रीतसर शिकून ये. ‘बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स’ नावाचा दोन वर्षांचा मास्टर्स आहे. कुठली वस्तू कुठे आहे हे हव्या त्या माणसाला हव्या त्या वेळी कळावं, याची विद्या, असं मी समजते. विद्यापीठ मोठा पूल ओलांडून सात तास दक्षिणेला. अर्ज पंधरा जानेवारीपर्यंत करायचा.

माझं वय तेहेतीस. कॉलेजात स्टॅटिस्टिक्सला कशीबशी पास झाले होते. आणि समजा प्रवेश मिळालाच, तर तुम्ही घरी येणार आणि मी निघणार. लहानपणापासून ज्या माणसाची वाट पाहिली तो दारात, आणि मी गाडीत. तेव्हा अर्ज करू नये असंच वाटतंय. तुम्हीही तसंच म्हणालात तर बरं होईल.

आहे तेवढी माया असू द्या, जास्तीची मागत नाही.

तुमची,
आयला


१७ ऑक्टोबर, सुपीरियर सरोवरावर

चि. आयलास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, एक कोपरा भिजलेला. अर्ज करू नये म्हणणाऱ्या मुलीने अर्जाच्या तारखेखाली दोन रेघा ओढल्या आहेत. मी सुकाणूवरचा माणूस, मला एवढं दिसतं.

तुला कधी सांगितलं नव्हतं. मी सत्तावीस वर्षांचा असताना तेव्हाच्या कॅप्टनने अधिकाऱ्याच्या परीक्षेचा कागद आणून माझ्या हातात ठेवला होता. गणित जमणार नाही म्हणून मी तो खणात टाकला. आजही कुणीतरी पोरगेला अधिकारी दोन अंश डावीकडे म्हणतो आणि मी चाक फिरवतो. काम चांगलं आहे, तक्रार नाही. पण नापास होऊन आलो असतो तर तो कागद एवढी वर्षं आठवला नसता.

तेव्हा अर्ज कर. घराची काळजी नको. घर आणि मी, दोघंही जुने, एकमेकांना धरून राहू. आमचा स्वयंपाकी ऑर्विल मला पेस्टी, ती मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, करायला शिकवतोय. त्याच्या मते माझी पेस्टी नांगर म्हणून वापरता येईल.

सांभाळून गाडी चालव. रस्त्यावर हरणं उतरली असतील.

तुझा बाबा,
रेइनो


८ नोव्हेंबर

ती. बाबांना आयलाचा सा. न., आणि हे पत्र एकटे असताना वाचावं ही विनंती.

अर्जाचं बहुतेक झालं. गुणपत्रिका मागवल्या. पेल्टियरबाईंनी शिफारस लिहिली, त्यात माझी इतकी स्तुती आहे की मला नोकरीवर ठेवायला त्यांना परवडू नये. अडले आहे ते एका प्रश्नावर. हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे, ते सातशे शब्दांत लिहा.

चार वेळा खोटं लिहिलं. प्रगती, संधी, असले शब्द. पाचव्या वेळी खरं लिहिलं, आणि ते परक्या माणसांनी वाचायच्या आधी तुम्हाला कळायला हवं.

आई शांतपणे गेली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. दुपारी चारनंतर ते खरं होतं. त्या दिवशी सकाळी दहाला तिच्या वेदनेच्या औषधाचा पंप बंद पडला. त्याला लागणारी नळी दवाखान्यात नव्हती, ती मोठ्या गावाहून गाडीने मागवली. सहा तास लागले. मध्ये सुया देत होते, पण त्या पुरत नव्हत्या. ती तुमचं नाव घेत होती, बाबा. रेइनो आला का, एवढंच सारखं.

पुढच्या वसंतात मी भांडारात नोकरी धरली, घराजवळ आहे म्हणून. पहिल्याच आठवड्यात तळघरात त्या नळ्यांची दोन खोकी सापडली. भलत्याच नावाखाली नोंदलेली. आल्याची तारीख आई जायच्या तीन आठवडे आधीची. तिच्या खाटेच्या बरोबर खालच्या मजल्यावर होती ती. चूक अशी कुणा एकाची नव्हती. असलेली वस्तू कुणाला ठाऊकच नव्हती, एवढंच.

ती वाचली नसती, डॉक्टरांना मी विचारलं. पण ते सहा तास वाचले असते. म्हणून मी सगळी खोकी मोजत बसले, आणि म्हणून मला हे शिकायचंय.

हे पाठवू की पुन्हा खोटं लिहू, तुम्ही सांगाल तसं करते. चार वर्षं लपवलं, त्याबद्दल रागवा, पण पत्राने रागवा, गप्प बसून नको.

तुमची,
आयला


२१ नोव्हेंबर, जहाजावरून

चि. आयलास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग सुकाणूवरची पाळी होती ती केली.

एक ओळही काढू नकोस. आणि त्यात ‘एक रुग्ण’ असं लिहिलं असशील तर ते खोड. हेल्मी लाहतिनेन असं पूर्ण नाव लिही.

राग नाही. चार वर्षं तू हे एकटीने उचललंस, याचं वाईट वाटतं. मलाही काही सांगायचं आहे, पण ते आत्ता लिहवत नाही. लिहीन.

बाबा


१४ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न., या वेळी घरच्या पत्त्यावर.

जानेवारीपासून आपण एका घरात होतो, म्हणून पत्रं थांबली होती. माझ्या फोनवरच्या मुलाखतीला तुम्ही स्वयंपाकघरात दम रोखून बसला होतात, आणि निवड झाल्याचं सांगितल्यावर बर्फ उपसायला गेलात, तासापूर्वीच उपसलेला असताना. ते सगळं इथे रोज आठवतं.

वर्गातली मुलं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. एकीने मला मॅडम म्हटलं, प्राध्यापक समजून. स्टॅटिस्टिक्स अजून तसंच आहे, पण आता मी न समजलेलं तिथल्या तिथे विचारते. पहिल्याच कामात एखाद्या संस्थेत बातमी कशी फिरते आणि कुठे अडते त्याचं चित्र काढायचं होतं. मी आमचं तळघर काढलं. शिकवणाऱ्या बाईंनी ते वर्गात दाखवलं.

इथे खिडकीतून पाणी दिसत नाही, गाड्यांचा तळ दिसतो. सकाळी उठल्यावर नजर अजून सरोवर शोधते.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला चार दिवस सुट्टी आहे, पण लगेच परीक्षा, आणि पुलापलीकडे तोवर बर्फ पडलेला असेल. यावं की नको, तुम्हीच सांगा.

तुमची,
आयला


२ ऑक्टोबर

चि. आयलास अनेक आशीर्वाद.

मी इकडे दुकानात, टपालात, चर्चमध्ये, सगळ्यांना तुझ्या मास्टर्सचं नाव सांगतो. तीन शब्दांतला एक रोज चुकतो. लोक मान डोलावतात, म्हणजे त्यांनाही कळत नसावं.

गेल्या वर्षी लिहिता आलं नाही ते आता लिहितो. त्या नोव्हेंबरात, तुझी आई जायच्या चार दिवस आधी, आमचं जहाज सूच्या लॉकपाशी, दोन सरोवरांमधल्या त्या जलद्वारांपाशी, थांबलं होतं. मी तिला फोन केला. म्हटलं, इथे उतरतो, संध्याकाळपर्यंत पोचतो. बदली माणूस मिळत होता. ती म्हणाली, कशाला येतोस, मी बरी आहे, हंगाम पुरा करूनच ये. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तिनेच नको म्हटलं, असं मी एवढी वर्षं स्वतःला सांगत आलो. मग तुझं पत्र आलं, आणि त्या दुपारी ती काय विचारत होती ते कळलं.

काल मी तुला उत्तर लिहिलं होतं. येऊ नकोस, अभ्यास कर, रस्ता लांबचा आहे, मी मजेत आहे. पाकीट चिकटवून टपालपेटीपर्यंत गेलो, आणि परत येऊन ते चुलीत घातलं. रस्ता लांबचा आहे, एवढंच त्यात खरं होतं.

मी मजेत नाही. तुझी फार आठवण येते. लोभ आहे असं पत्राच्या शेवटी लिहायची मला सवय नाही, या वेळी लिहितो, आहे. पुस्तकं घेऊन ये, टेबल तुझं, मी दिवसभर एक शब्द बोलणार नाही. पण ये.

तुझा,
बाबा